रिकामा हूक

वर त्याला तुम्ही पाठवलंत, साहेब. आता म्हणता, तो आपणहून चढला.

हे मी मराठीत लिहितोय, कारण तुम्हाला मराठी येतं. गणपतीत हॉलमध्ये तुम्ही आमच्या पंगतीला येऊन बसला होतात. मोदक फोडून त्यावर तूप मागून घेतलंत आणि गुणवंतच्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, "तुम्ही लोक म्हणजे या शहराचा कणा आहात." गुणवंत नंतर बसमध्ये म्हणाला, "कणा म्हन्ते बे हा आपल्याले. म्हंजे सगळं आपल्याच पाठीवर लादाचं हाय याले." सगळी बस हसली. तेव्हा बस भरलेली असायची.

तुम्ही विसरला असाल म्हणून सांगतो. गुणवंत तुमच्या दुबईच्या साइटवरचा टॉवर क्रेनचा ऑपरेटर. चंद्रपूरकडचा, तिथल्या वीज केंद्रात क्रेन शिकलेला, उंच, आणि उंचीला न शोभणारा बारीक आवाज. मी किसन, माणगावचा, त्याचा सिग्नलमन. तो वर काचेच्या खोक्यात, मी खाली स्लॅबवर. वरून त्याला माल नीट दिसत नाही. त्यामुळे त्याचे डोळे म्हणजे मी, आणि माझे हात म्हणजे तो. मध्ये फक्त वॉकी-टॉकी. "डावीकडे घे, अजून घे, बस, सोड हळू." दिवसभर हेच. तोंड दिसायचं ते जेवणाच्या सुट्टीत. आशावहिनी गावाहून फोनवर मला म्हणायच्या, "भाऊ, माह्यापेक्षा तर हे तुमच्याशीच जास्त बोलतेत." खरं होतं ते. सहा वर्षांपूर्वी, आधीच्या साइटवर असताना, त्याची मुलगी स्वप्नाली पहिल्यांदा चालली, ती बातमी मला वॉकीवर कळली. सळयांचा गठ्ठा हवेत लोंबकळत होता आणि वरून हा ओरडतोय, "चालली बे! पोट्टी चालली!" मी म्हटलं, "अरे, आधी सळया ठेव खाली, मग नाच."

मग दोन हजार आठचा नोव्हेंबर आला.

आमच्याकडे कोणी येऊन सांगितलं नाही की मंदी आली. एके सकाळी काँक्रीटच्या गाड्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी लिफ्टवाला आला नाही. मग जबल अलीच्या कॅम्पमधल्या खोल्या रिकाम्या व्हायला लागल्या. संध्याकाळी सोबत डाळ खाल्लेला माणूस सकाळी एअरपोर्टच्या बसमध्ये. वरच्या मजल्याच्या सळया तशाच आकाशाकडे बघत राहिल्या. इमारत अर्ध्यात थांबली.

आम्हा दोघांना तुम्ही ठेवलंत. सगळ्यांनी आम्हाला नशीबवान म्हटलं.

कशासाठी ठेवलंत ते तुमच्या पोर्टा केबिनमध्ये कळलं. एसी चालू होता. भिंतीवर एका इंग्रजी पेपरचं पान चिकटवलेलं होतं. मी सातवी पास. इंग्रजी मी पराठे बांधून आलेल्या पेपरांवरून शिकलो, पण ते पान कोणालाही वाचता आलं असतं. अमेरिकेतल्या शहरांची नावं एकाखाली एक, आणि प्रत्येक नावापुढे छोट्या छोट्या क्रेन काढलेल्या. जितक्या क्रेन उभ्या, तितकी चित्रं. सगळ्यात खाली, तुलनेसाठी, आपली दुबई. तिची ओळ पानात मावत नव्हती, म्हणून दुमडून परत आणली होती.

तुम्ही पेनानं दाखवलंत. "मायामी बघा, खलास. लास वेगासमध्ये उभ्या आहेत, पण हलत नाहीत. शिकागोत उतरवतायत. न्यूयॉर्क कसंबसं. आणि आपण बघा."

गुणवंत पान बघत होता. "साहेब, याच्यात आपली कोन्ती?"

"यातली एक आपली आहे ना! आणि ती राहिली पाहिजे." तुम्ही खुर्चीत पुढे सरकलात. "पुढच्या वेळेपासून पेपरवाल्यांनी नियम बदललाय. नुसती उभी असलेली क्रेन मोजत नाहीत. फिरताना दिसली तरच मोजतात. आपलं नाव गळलं, तर फ्लॅट बुक केलेली माणसं उद्या पैसे परत मागायला माझ्या दारात उभी राहतील."

"मंग माल येऊन राह्यला काय साहेब?"

"माल नाही. फक्त फिरवायची."

"रिकामी?"

"लांबून हूक कोणाला दिसतो रे?"

गुणवंतनं माझ्याकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "साहेब, क्रेन काही गिरक्या घ्याले नसते." तुम्ही हसलात. खिशातून च्युइंगमचं पाकीट काढून आमच्यापुढे धरलंत. हे मला का लक्षात राहिलं कोण जाणे, पण राहिलंय.

सकाळी आणि संध्याकाळी, शेख झायेद रोडवर गाड्या तुंबतात त्या वेळेला, जनरेटर चालू व्हायचा. गुणवंत वर जायचा. क्रेनचा लांबच लांब आडवा हात, ज्याला आम्ही बूम म्हणतो, तो डावीकडून उजवीकडे जायचा, उजवीकडून डावीकडे यायचा. हूक वर, हूक खाली. फोरमन जहूर खालून हात हलवायचा, "यल्ला गुणवंतभाई, और थोडा!" आम्ही त्याला आरती म्हणायला लागलो. सकाळची आरती, संध्याकाळची आरती. "देव नाई, परसाद नाई, नुसतं ओवाळाचं," गुणवंत म्हणायचा.

आणि मी? माझं काय काम होतं? माल नसताना सिग्नल कसला द्यायचा? पण मला खाली उभं राहायला सांगितलं होतं, पिवळं जाकीट घालून. मी उभा राहायचो. सवयीनं म्हणायचो, "डावीकडे घे." तो म्हणायचा, "काय ठेवू तिथं?" मी म्हणायचो, "काय नाय. हवा ठेव." पहिल्या दिवशी आम्ही यावर हसलो. महिनाभरानं तो नुसतं "हं" म्हणायचा.

एकदा त्यानं मध्येच विचारलं, "किसन, थ्या शिकागोत बी कोनी आपल्यासारखा वर बसला असंन ना बे?"

"असेल की."

"थो बी रिकामीच फिरवून राह्यला असंन?"

"काय माहीत."

"नसंन," तो म्हणाला. "त्याले घरी धाडलं असंन. तिथं बंद म्हंजे बंद. बरं हाय त्याचं."

घरी पाठवलेल्या माणसाचा हेवा वाटावा अशी नोकरी तुम्ही आम्हाला दिली होती.

मार्चमध्ये त्या पेपरसाठी क्रेन मोजणारा माणूस आला. तन्मय नाव, पुण्याचा, कुठल्याशा सल्लागार कंपनीत. गळ्यात कॅमेरा, सोबत बायको आणि मुलगा, कारण शुक्रवारची सुट्टी होती आणि नंतर त्यांना बर दुबईला देवळात जायचं होतं. मुलगा गाडीतून उतरायला तयार नव्हता. "इट्स सो डस्टी, बाबा!" माझ्या जाकिटावरचं नाव वाचून तन्मय खूश झाला. "अरे वा, मराठी का? वर कोण आहे?"

"गुणवंत. आमचाच."

त्यानं फोटो काढले. मग डोळे बारीक करून वर बघत म्हणाला, "काय उचलतायत?"

तुम्ही बाजूलाच उभे होतात, साहेब. तुमच्यासमोर मी त्याला सांगितलं. "काही नाही उचलत. हूक रिकामा आहे. काम नोव्हेंबरपासून बंद आहे."

तुमचा चेहरा उतरला. तन्मयचा नाही उतरला. तो थोडा ओशाळला, एवढंच. "मला फक्त फिरतेय का नाही ते बघायचंय हो. शिकागोला, डेन्व्हरला, सगळीकडे हीच मेथड आहे. इथे वेगळा नियम लावला तर कम्पॅरिझनच बिघडेल ना." त्यानं हातातल्या कागदावर एक खूण केली आणि गाडीत जाऊन बसला. दोष त्याचा किती, तुमचा किती, ते मला ठरवायचं नाही. पण त्या दिवशी आमची क्रेन चालू म्हणून मोजली गेली. ती मोजताना तुम्ही हजर होतात.

यावर थांबला असतात तर गुणवंत आज असता. तुम्ही बॅनर आणलात.

टॉवर क्रेनची एक रीत असते. तुमच्यासारख्या साहेबाला ती माहीत नाही असं मी मानत नाही. काम संपलं की ऑपरेटर हूक वर खेचतो आणि उतरायच्या आधी फिरण्याचा ब्रेक सोडून देतो. मग वारा येईल तशी क्रेन आपली आपण वळते. खालून बघणाऱ्या नवख्याला वाटतं, वर कोणीतरी बसून चालवतंय. कोणी नसतं. क्रेन फक्त वाऱ्याला पाठ देऊन उभी राहते. तशी राहिली तर वादळातही टिकते. ब्रेक लावून बांधून ठेवली, तर वारा तिच्या बरगडीत बसतो. चंद्रपूर असो, शिकागो असो, दुबई असो, जगात कुठेही जा, ब्रेक न सोडता उतरणारा ऑपरेटर दुसऱ्या दिवशी कामावर नसतो.

तुमचा बॅनर बुमच्या लांबीएवढा. "बुकिंग चालू" आणि खाली फोन नंबर. तो रस्त्याकडे तोंड करून राहायला हवा होता. म्हणजे क्रेन वळता कामा नये. म्हणजे ब्रेक लावलेला. दिवसा, रात्री, कायम.

गुणवंतनं ऐकलं नाही. पहिले काही दिवस तो उतरताना गुपचूप ब्रेक सोडायचा. सकाळी तुम्ही गाडीतून बघायचात, तर बॅनर समुद्राकडे. एके दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर बोललात.

"माशांना फ्लॅट विकायचेत का मला?"

"साहेब, शमाल सुटला तर हे पडंन. थो उत्तरेचा वारा हाय, वाळू घेऊन येते. खाली रस्ता हाय."

"इंजिनिअर तू आहेस का मी?"

"तुमीच हा. म्हनून तर सांगून राह्यलो."

"हे बघ गुणवंत, तुला जमत नसेल तर तसं सांग. कॅम्पमध्ये ऑपरेटर पडलेत झोपून. वलीला उद्या आणतो."

वली म्हणजे पेशावरचा ऑपरेटर, तीन पोरांचा बाप, काम नाही म्हणून कॅम्पमध्ये लोकांचे केस कापायचा. गुणवंत संध्याकाळी बसमध्ये मला म्हणाला, "वली आला तर थो ब्रेक सोडनार नाई बे. त्याले लय गरज हाय. म्यां असलो तर निदान वाऱ्यावर ध्यान तरी ठेवीन."

म्हणून तो राहिला. लोक म्हणतात पैशासाठी राहिला. नाही. क्रेन दुसऱ्याच्या हातात जाऊ नये म्हणून राहिला. त्या दिवसापासून केबिनची किल्ली तुम्ही जहूरकडे ठेवायला लावलीत. आरतीपुरती मिळायची, आरतीनंतर परत. जहूर स्वतः वर जाऊन ब्रेक लागलाय का बघायचा.

तो एप्रिलमधला दिवस. दुपारी जेवून आम्ही कंटेनरच्या सावलीत बसलो होतो. गुणवंत गाड्यावरचा चहा पीत नेहमीचं रडगाणं गात होता, "एक दिरहम, म्हंजे तेरा रुपये. तेरा रुपयाचा चहा बे! चंद्रपुरात तेरा रुपयात चार जनं पेतीन." बोलता बोलता तो थांबला. त्यानं नाक वर केलं. मला अजून काही कळलं नव्हतं. मग उत्तरेकडचं आकाश पिवळं झालं.

वारा आला तो सरळ बॅनरमध्ये शिरला. कापड फुगलं, एवढ्या खालूनही त्याचा फडफडाट ऐकू आला. मग वरून एक आवाज यायला लागला. मी साइटवर चौदा वर्षं काढलीत, तसा आवाज ऐकला नव्हता. लोखंड दात खात होतं. आख्खा मनोरा रस्त्याच्या बाजूला कलायचा आणि परत यायचा. खाली बस स्टॉपवर माणसं तोंडाला रुमाल बांधून उभी होती.

"जहूर, किल्ली दे," गुणवंत म्हणाला.

"साब को पूछना पडेगा."

"पूछ. जल्दी पूछ!"

जहूरनं फोन लावला. वाऱ्यात ऐकू येईना, म्हणून स्पीकर चालू केला. मी तिथे होतो, गुणवंत होता. जहूरनं सगळं सांगितलं. तुम्ही काय म्हणालात ते मी शब्दाला शब्द सांगतो. "बॅनर फटना नहीं चाहिए. गुणवंत को ऊपर भेज, वो देख लेगा." मागे कुठेतरी कपबशा वाजत होत्या.

जनरेटर बंद होता, लिफ्ट मेलेली. किल्ली घेऊन गुणवंत जिन्यानं गेला, आणि जिना संपला तिथून क्रेनच्या पोटातल्या शिडीनं. मी वॉकी कानाला लावून रस्त्याच्या कडेला धावलो, तिथून बूम दिसायचा. त्याचा श्वास ऐकू येत होता.

"गुणवंत, नको जाऊस. रस्ता मोकळा करू आपण."

"कोन करनार बे मोकळा? तू? थ्या पिवळ्या जाकिटानं?" दम लागला होता, तरी हसला. "तू पाह्य खालून. वळली का सांग."

शिडीवर लोखंडाचा आवाज. मग केबिनच्या दाराचा. मग काहीच नाही. धुळीत बूम दिसेनासा झाला. मला वाटलं, गेलं सगळं.

मग धूळ थोडी फाटली, आणि मी बघितलं, क्रेन वळत होती. सावकाश, अगदी शांतपणे, बॅनरचं तोंड रस्त्यावरून बाजूला फिरत होतं. दात खाण्याचा आवाज थांबला. तिनं वाऱ्याला पाठ दिली आणि ती उभी राहिली.

"सोडला बे. वळली काय?"

"वळली! वळली रे!"

"हं. आता कशी गाईसारखी उभी हाय पाह्य."

"उतर आता. नाहीतर वरच बस वारा पडेपर्यंत."

"वर कायले बसू? थरथरून राह्यलं खोकं. उतरतो म्यां. चहा सांग."

मी चहा सांगायला वळलोसुद्धा होतो.

वॉकीत नुसता वारा वाजत राहिला.

तो वरच्या स्लॅबवर सापडला, शिडीच्या पायथ्याशी. त्या स्लॅबचं काँक्रीट ऑक्टोबरमध्ये त्यानंच चढवलं होतं, मी सिग्नल दिला होता. त्या इमारतीतली प्रत्येक सळई, प्रत्येक पाइप, विटांचा प्रत्येक गठ्ठा त्यानं वर नेला. त्याला खाली आणायला मात्र त्या वाऱ्यात क्रेन चालवता येणार नव्हती. मी, जहूर आणि कॅम्पमधून मिळेल त्या गाडीनं आलेला वली, आम्ही त्याला प्लायवूडच्या फळीवर घेतलं आणि जिन्यानं उतरवलं. प्रत्येक वळणावर फळी तिरकी करावी लागायची. मी पुढे होतो, मागचे दिसत नव्हते. माझ्या तोंडून सवयीनं निघत होतं, "डावीकडे घ्या, अजून घ्या, बस, हळू."

दुसऱ्या दिवशी तुम्ही कागद काढलात. साइट नोव्हेंबरपासून बंद होती. क्रेन वापरात नव्हती. मयत कर्मचाऱ्याला तिथे काही काम नव्हतं, तो विनापरवानगी वर चढला. बॅनर तोवर कापून नेला होता. जहूरची बदली हमरियाच्या साइटवर. मी त्याला भेटायला गेलो, तर गेटवरच म्हणाला, "किसनभाई, मेरे कू कुछ याद नहीं." मी म्हटलं, "स्पीकर तूने चालू किया था." तो म्हणाला, "मेरी बीवी शहनाझ पेट से है. मेरे कू याद नहीं, भाई." आणि त्यानं माझा हात धरून ठेवला, सोडेना. त्याच्यावर माझा राग नाही. माझा राग कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे.

काम नसताना माणूस एवढ्या उंच कशाला चढतो? तुमच्या कागदातून लोकांनी उत्तर काढलं. मंदीत तशा गोष्टी कानावर येतच होत्या. कॅम्पात बोलले, मग गावापर्यंत गेलं, की गुणवंतनं उडी मारली. आशावहिनींचा फोन आला. रडत नव्हत्या. "भाऊ, लोक म्हन्तेत त्याईनं जीव देल्ला. स्वप्नालीले शाळेत पोट्टे म्हन्तेत. तुमी खाली होते. तुमी सांगा, काहून चढले ते?"

मी सांगितलं. सांगितलं की ज्याला उडी मारायची असते तो आधी ब्रेक सोडत नाही. खाली रस्ता आहे म्हणून वाद घालत नाही. चहा सांगत नाही.

त्या म्हणाल्या, "मले पटलं, भाऊ. पन तुमी सांगून काय होते? साहेबाच्या कागदावर तर काम बंद होतं म्हनून हाय."

मे महिन्यात त्या पेपरचं नवीन पान आलं. मी कॅफेटेरियात बघितलं, पराठ्याखाली. अमेरिकेतली शहरं अजून खाली गेलेली. लास वेगासपुढे एवढीशी ओळ. शिकागो, मायामी, सगळी आखडलेली. खाली दुबई, ओळ अजून लांब. वर ठळक अक्षरात नियम, की फक्त चालू असलेल्या क्रेन मोजल्या आहेत. त्या ओळीत एक चित्र आमच्या क्रेनचं आहे. तन्मयनं तुमच्यासमोर खूण केली होती ती. तुम्ही ते पानही केबिनमध्ये लावलंत. मी काचेतून बघितलंय.

क्रेन अजून तिथेच आहे. उतरवायला कोणी आलं नाही. ब्रेक त्यानं सोडलेला आहे, तसाच. दिवसा वारा समुद्राचा, रात्री वाळवंटाचा, ती आपली वळत असते. रस्त्यावरून जाणारे बघतात आणि म्हणत असतील, काम सुरू आहे.

तर साहेब, तुम्हाला मराठी येतं. मला माझ्यासाठी काही नको. मी कॅम्पमध्ये आहे, धाडायचं तर धाडा उद्याच. पण पेपरातल्या त्या पानासाठी क्रेन चालू होती आणि गुणवंतसाठी बंद होती, असं दोन्ही चालणार नाही. स्वप्नालीला शाळेत सांगता येईल असं एकच काहीतरी सांगा. तुमच्या सहीनं सांगा.

त्या दिवशी क्रेन चालू होती की बंद?